बोल हरवले, सूर राहिले

मैत्रिणींनो, आज आमच्याच घरातली गोष्ट सांगते. माझ्या सासूबाईंना लकवा मारला, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालणं आणि बोलणं तर पार गेलेलं. समजत होतं सगळं. ‘आई, जेवता का?’ विचारलं की मान हलवायच्या. पण शब्द काढायला गेल्या की ‘ता... ता... ता...’ एवढंच. पाणी हवं असलं तर तांब्याकडे बोट. आपलं म्हणणं कुणाला कळलं नाही की डोळ्यांतून घळाघळा पाणी. आमगावकडच्या खेड्यात वीस-वीस बायांना घेऊन रोवणी करणारी बाई ती! बांधीच्या या टोकावरून त्या टोकाला तिची हाक जायची. ती अशी मुकी होऊन ओसरीत बसली, हे बघवत नव्हतं.

एका संध्याकाळी गावात सामुदायिक प्रार्थना सुरू झाली. आमच्याकडे गावोगावी गुरुदेव सेवा मंडळं आहेत, तुम्हाला सांगायला नको. खंजिरीचा ठेका कानावर आला. मी आत चुलीवरचा भात उतरवत होते. तेवढ्यात ओसरीतून भजनाचा आवाज आला. वाटलं, शेजारच्या काकू आल्या असतील. बाहेर येऊन बघते तर काय... आई गात होत्या! राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन. एखादी ओळ नाही, अख्खं भजन. शब्द न् शब्द साफ. डावा हात मांडीवर ठेका धरत होता.

काकू कुंपणावरूनच ओरडल्या, ‘बाप्पा! बुढी त गाऊन राहिली वं!’

भजन संपल्यावर मी धावतच जवळ गेले. ‘आई, बोला ना! माझं नाव घ्या!’ त्यांनी तोंड उघडलं. ‘ता... ता...’ बस्स. पुन्हा तेच.

नाटक नव्हे, चमत्कारही नव्हे

दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा. कुणी म्हणालं, देवाची कृपा. कुणी म्हणालं, अंगात आलं. आणि एका नातलग बाईनं तर ओठ वाकडा करून म्हटलं, ‘गाता येते आन् बोलता येत नाही? नाटक करून राहिली बुढी. सुनेकडून सेवा करून घ्याची हाय.’ आईंनी ते ऐकलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

ते बोलणं मला लागलं. मग मी वाचायला लागले, विचारायला लागले. तेव्हा कळलं की यात नवल काहीच नाही. लकव्यामुळे वाचा गेलेला माणूस गाऊ शकतो, हे अठराव्या शतकापासून युरोपातल्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. आणि हा धागा धरून काम करणारा एक अख्खा व्यवसाय जगात आहे. त्याला म्हणतात संगीतोपचार. करणारी ती संगीतोपचारक. दिवसा दवाखान्यात रुग्णांबरोबर गाणारी आणि संध्याकाळी मंचावर स्वतःचा कार्यक्रम करणारी, अशी ही दुहेरी कामाची बाई असते.

आधी आईंचं गाणं कुठून आलं ते सांगते. बहुतेक माणसांच्या मेंदूत बोलण्याचं काम डाव्या बाजूला चालतं. तिथलाच रक्तपुरवठा बंद पडला की शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि बरेचदा वाचाही जाते. पण गाण्याचं काम मेंदूच्या दोन्ही बाजूंना वाटलेलं असतं. चाल ओळखणं, सूर धरणं यात उजव्या बाजूचा मोठा हात असतो. शिवाय हजारदा म्हटलेलं भजन जिभेवर आपोआप येतं, त्यासाठी एकेक शब्द शोधावा लागत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर गावाचा मोठा रस्ता पुरात वाहून गेला, तरी धुऱ्यावरून पायवाट असते ना, तसं. पायवाटेनं बैलगाडी जात नाही, पण माणूस जातो.

दोन सुरांची युक्ती

या पायवाटेवरून नेहमीचे शब्द आणता येतील का? अमेरिकेत बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी १९७३ साली त्याची एक पद्धत मांडली. ती इतकी साधी आहे की ऐकून हसू येईल. रुग्णाला रोज लागणारा एक छोटा शब्द घ्यायचा. तो फक्त दोन सुरांत म्हणायचा, एक खालचा, एक वरचा. प्रत्येक अक्षराला रुग्णाचा डावा हात टेबलावर हळूच आपटायचा. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघींनी मिळून शब्द गायचा. मग उपचार करणारी मध्येच गप्प होते आणि रुग्णाला एकटीला पूर्ण करू देते. मग प्रश्न विचारते आणि उत्तर सुरात मागते. शेवटी सूर कमी कमी करत साध्या बोलण्याकडे आणायचं. ज्यांना समजतं पण बोलता येत नाही, अशांना ही पद्धत जास्त मानवते. सगळ्यांना फायदा होतोच असं नाही आणि झाला तरी आठवडे, महिने जातात.

तुम्ही गॅब्रिएल गिफर्ड्स हे नाव ऐकलं असेल. ही बाई तेव्हा अमेरिकेच्या संसदेत होती. ८ जानेवारी २०११ रोजी लोकांशी बोलत असताना एकानं तिच्यावर गोळी झाडली. गोळी मेंदूच्या डाव्या बाजूतून गेली. जीव वाचला, वाचा गेली. ह्यूस्टनच्या पुनर्वसन रुग्णालयात मेगन मॉरो नावाच्या संगीतोपचारक बाईंनी तिच्याबरोबर काम केलं. ओळखीची गाणी, गाण्यातला शेवटचा शब्द तिनं भरायचा, मग छोटी वाक्यं सुरात. गिफर्ड्स पुढे पुन्हा लोकांसमोर उभी राहून बोलली. पण हेही खरं की इतक्या वर्षांनंतरही तिला शब्द शोधावे लागतात. वाचा जशीच्या तशी परत आली, असं तीही म्हणत नाही.

गायिका आणि उपचारक

आता तुम्ही म्हणाल, मग गाणारी कुणीही हे करेल की! आमच्या भजनी मंडळातल्या बाया काय कमी गातात? मलाही तेच वाटलं होतं. फरक कळला तो ज्यूलिएट आल्विन या बाईंबद्दल वाचल्यावर. १८९७ साली फ्रान्समध्ये जन्मलेल्या या बाई चेलो वाजवायच्या. चेलो म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं, दोन गुडघ्यांत धरून वाजवायचं वाद्य. पाब्लो कासाल्स या थोर वादकाकडे शिकलेल्या. मैफली गाजवणाऱ्या. इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर त्या अपंग आणि मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांबरोबर काम करू लागल्या. तिथून त्यांचं आयुष्य वळलं. १९५८ साली त्यांनी ब्रिटनमध्ये संगीतोपचाराची संस्था उभी केली आणि १९६८ साली लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात त्याचं शिक्षण सुरू केलं. १९८२ मध्ये त्या गेल्या.

मंचावर गायिका गाते आणि लोक ऐकतात. चूक झाली की ती मनात खंतावते, टाळ्या मिळाल्या की सुखावते. उपचाराच्या खोलीत उलटं असतं. तिथं रुग्ण जे काही करेल, एखादा हुंकार, टेबलावर टकटक, बेसूर ओरडणं, ते आधी ऐकायचं. मग त्याच्याच लयीत आपण जायचं. तिथं तान मारून दाखवली तर रुग्ण आणखी गप्प होतो. एवढी वर्षं कमावलेला गळा लहान करून बसायचं, हे कलाकाराला सोपं नाही. पण गळा कमावलेला असल्याशिवाय तो पाहिजे तेव्हा लहान, पाहिजे तेव्हा मोठा करता येत नाही. म्हणून चांगली संगीतोपचारक स्वतःचा रियाज सोडत नाही.

तिचा दिवस कसा असतो?

सकाळचा रियाज झाला की दवाखाना. डॉक्टर, नर्स यांच्याकडून आज कुणाला काय त्रास आहे ते समजून घ्यायचं. प्रत्येक रुग्णाचं उद्दिष्ट ठरलेलं असतं. ‘बरं वाटावं’ असं गुळमुळीत नाही. ‘आधाराशिवाय दहा पावलं टाकावी’, ‘पाणी हा शब्द म्हणावा’ असं नेमकं.

लकव्याच्या रुग्णाला चालवायचं असेल तर ठेका कामाला येतो. रुग्णाच्या चालीइतक्याच गतीनं ताल द्यायचा आणि तो हळूहळू वाढवायचा. पाय तालाला बांधला जातो. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवरच्या २९ चाचण्या, एकूण ७७५ माणसं, यांचा एकत्र अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. लकव्यानंतर चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी तालामुळे सुधारू शकते, असं त्यात आढळलं.

मग नवजात बाळांचा कक्ष. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, काचेच्या पेटीतलं मूठभर बाळ. तिथं ती स्वतः गाण्याआधी बाळाच्या आईला विचारते, ‘तुझं आवडतं गाणं कोणतं?’ ते सिनेमाचं असो, देवाचं असो, त्याची चाल संथ करून अंगाई करायची आणि आईलाच गायला लावायचं. न्यूयॉर्कच्या जोआन लोवी आणि सहकाऱ्यांनी ११ रुग्णालयांतल्या २७२ बाळांवर केलेला असा अभ्यास २०१३ साली छापला. बाळांच्या हृदयाचे ठोके, झोप, दूध ओढणं यांवर चांगला परिणाम दिसला आणि आई-बापाच्या मनावरचा ताणही उतरला. आपल्या आज्या पाळण्याशी बसून जे करायच्या, तेच की हे!

दुपारी एखादी विस्मरण झालेली आजी. नातवाचं नाव आठवत नाही, पण तिच्या तरुणपणची गाणी आठवतात. म्हणून संगीतोपचारक आधी घरच्यांना विचारते, ‘आजी पंधरा ते पंचवीस वर्षांच्या असताना कुठे होत्या, काय ऐकायच्या?’

आणि एखादी लेक, जी बाळंतपणानंतर सारखी रडते. तिच्यासमोर लगेच आनंदाचं गाणं लावायचं नाही! आयरा आल्टशुलर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९४०च्या दशकातच हे सांगितलं. आधी रुग्णाच्या मनासारखं संगीत, मग हळूहळू ते बदलायचं. रडणाऱ्या मैत्रिणीला आपण ‘हस गं’ म्हणत नाही, आधी तिच्या शेजारी बसतो. तसंच.

शेवटी नोंदवही. आज कोण किती पावलं चालली, कुणी किती शब्द म्हटले, काय जमलं नाही. ते लिहून झालं की घर, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि शनिवार-रविवारी कुठे कार्यक्रम असला तर त्याची तयारी. ज्या बाईनं दुपारी बेसूर हुंकाराला साथ दिली, ती रात्री शालू नेसून मैफलीत बसलेली असते.

रागाची गोळी मिळते का?

आपल्याकडे संगीतोपचार म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते. अमुक रोगाला तमुक राग! मुंबईचे सतारवादक पं. शशांक कट्टी यांनी ‘सूर संजीवन’च्या माध्यमातून राग आणि आयुर्वेद यांची सांगड घालण्याचं काम केलं आहे. दक्षिणेत कर्नाटक संगीत शिकलेल्या डॉ. सुमती सुंदर यांनी पुदुच्चेरीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या संगीतोपचार केंद्राची धुरा सांभाळली, जिथं डॉक्टरांच्या बरोबरीनं हे काम होतं आणि शिकवलंही जातं. राग ऐकून मन शांत होतं, हे आपण अनुभवतोच. पण राग ऐकून साखर बरी झाली, गोळ्या बंद केल्या, असं कुणी सांगत असेल तर तिथं थांबायला हवं.

हे मी पोळलेल्या तोंडानं सांगते. आई आजारी पडल्यावर आमच्या दारात एक माणूस आला. त्याच्याकडे ‘लकवा निवारण’ रागांची सीडी होती. एकवीस दिवस ऐकवा, हात उचलतील म्हणाला. अकराशे रुपये घेतले. एकवीस दिवस ऐकवली. आईंनी बाविसाव्या दिवशी डाव्या हातानं तो यंत्राचा खटका स्वतःच बंद केला! आम्हाला हसावं की रडावं कळेना. त्यांना तो राग कधी ओळखीचाच नव्हता. त्यांचं संगीत म्हणजे खंजिरी आणि रोवणीची गाणी.

खरे संगीतोपचारक आपल्या मर्यादाही सांगतात. स्वमग्न मुलांवर ९ देशांत ३६४ मुलांना घेऊन एक मोठी चाचणी झाली. २०१७ साली तिचा निकाल आला. नेहमीच्या उपचाराला संगीतोपचाराची जोड दिल्यानं लक्षणांच्या तीव्रतेत फरक पडल्याचं दिसलं नाही. मुलांना गाणं आवडतं, त्यांच्याशी नातं जुळतं, हे खरं. पण ‘बरं करतो’ असं म्हणता येत नाही. नैराश्याच्या बाबतीत मात्र नेहमीच्या औषधोपचाराला जोड दिली तर निदान काही काळ फायदा होतो, असं त्याच वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात आढळलं. दोन्हीकडे शब्द एकच आहे, जोड. औषध सोडून नव्हे.

एक दिवस वाया गेला

आणखी एक कबुली द्यायची आहे. आईंना लकवा मारला तो पहाटे. तोंड वाकडं झालं, हातातला गडवा पडला, बोबडं बोलायला लागल्या. आम्ही काय केलं? कुणीतरी सांगितलं म्हणून तेल लावून लकवा उतरवणाऱ्याकडे नेलं. संध्याकाळ झाली. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला.’ ते वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. सगळ्याच रुग्णांना ते इंजेक्शन चालतं असं नाही, आधी मेंदूचं चित्र काढून बघावं लागतं. पण वेळेत पोचलो असतो तर निदान विचार तरी झाला असता.

म्हणून मैत्रिणींनो, संगीताच्या लेखात हे लिहितेय. तोंड एका बाजूला झुकलं, हात वर करायला सांगितल्यावर एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. गाणं नंतर. आधी दवाखाना.

आपल्या मातीतलं गाणं

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तलावांचा, धानाचा जिल्हा. इथं बाई कामाला लागली की गाणं आलंच. पऱ्हे उपटताना, रोवणी करताना कमरेत वाकून दिवस काढायचा, तर लय लागतेच. जात्यावरच्या ओव्या गेल्या कारण जाती गेली, पण पाळणा आहे, भजन आहे, दंडार आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की रात्र-रात्र बसणाऱ्या आपणच.

आणि दुखण्यावर संगीताचा उतारा बघायचा तर फार लांब जायला नको. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताईंचं आनंदवन. तिथं डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकारानं ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग कलाकार त्यात गातात, वाजवतात, नाचतात. महाराष्ट्रभर त्यांचे कार्यक्रम झाले. ज्यांच्याकडे लोक पाठ फिरवायचे, त्यांना बघायला लोक तिकीट काढून आले. तिथला कलाकार रुग्ण म्हणून मंचावर येत नाही, कलाकार म्हणूनच येतो.

आणि शिकायचंच असेल तर? आपल्या गोंदियाहून रायपूरच्या गाडीत बसलं की सालेकसा, दरेकसा मागे टाकून डोंगरगड येतं. तिथून पुढे सडकेनं खैरागड. राजा वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती यांनी आपल्या दिवंगत मुलीच्या, इंदिरेच्या आठवणीत राजवाडाच देऊन टाकला आणि १९५६ साली तिथं इंदिरा कला संगीत विद्यापीठ सुरू झालं. आपल्या दारातच म्हणा ना! संगीताची पदवी हा पाया. त्यावर मानसशास्त्र, शरीराची माहिती आणि प्रत्यक्ष रुग्णांबरोबर देखरेखीखाली काम, हे सगळं शिकावं लागतं. अमेरिकेत तर संगीतोपचारक होण्यासाठी १२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. तेव्हा कुणी पाटी लावून बसलं असेल तर ‘कुठे शिकलात? रुग्णांबरोबर किती काम केलंत?’ हे बेधडक विचारा. आणि लेक विशारद झाली म्हणून ‘आता लग्न झाल्यावर पेटी माळ्यावर’ असं म्हणण्याआधी हाही रस्ता आहे, हे लक्षात असू द्या.

आमच्या घरचा रियाज

आईंना आम्ही नागपूरला वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, ‘समज चांगली आहे. सुरातून प्रयत्न करू.’ महिन्यातून एकदा सकाळची गाडी पकडायची आणि बाकीचे दिवस घरी सराव. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पंधरा-वीस मिनिटं. त्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी तुमच्याही कामी येतील.

एक, शब्द रुग्णाच्या गरजेचा असावा. आम्ही ‘पाणी’पासून सुरुवात केली. दुसरं, घाई करायची नाही. रुग्ण शब्द शोधत असताना आपण तो पटकन बोलून टाकायचा नाही, हे सगळ्यांत अवघड! तिसरं, टीव्ही बंद. चौथं, लहान मुलासारखं बोलायचं नाही. वाचा गेली म्हणजे अक्कल गेली नाही. आणि कंटाळा दिसला, डोळ्यांत पाणी आलं तर सराव थांबवून नुसतं भजन म्हणायचं.

चालण्याचा सराव ह्यांनी घेतला. फिजिओथेरपीवाल्यांना विचारून, आधार देऊन, अंगणात. माझा मुलगा खंजिरी वाजवायचा. सुरुवातीला पोरगं जोशात यायचं आणि ठेका पळायचा. आई थांबून त्याच्याकडे असं बघायच्या की तो मुकाट्यानं सावकाश वाजवायला लागायचा.

पहिले पाच आठवडे काहीच नाही. ‘ता-ता’ दोन सुरांत यायला लागलं, एवढंच. मी ह्यांच्याजवळ रडले. म्हटलं, आपणच वेडे आहोत. सहाव्या आठवड्यात एकदा उन्हाचं मी बाहेरून आले. आईंचा डावा हात मांडीवर दोनदा पडला आणि खालचा सूर, वरचा सूर, ‘पा-णी’. मी तांब्या भरून दिला. त्यांनी मान हलवली. तांब्या माझ्याकडेच ढकलला. त्यांना प्यायचं नव्हतं, उन्हातून आलेल्या मला पाणी पी म्हणून सांगत होत्या.

आता दीड वर्ष झालं. सगळं सुरळीत झालं, असं लिहून तुम्हाला खूश करायचा मोह होतो, पण तसं नाही. उजवा हात अजून चालत नाही. मोठं वाक्य येत नाही. पंचवीस-तीस शब्द येतात, त्यातले निम्मे सुरात. माझं नाव त्यांना अजून घेता येत नाही. मला त्या ‘बाई’ म्हणतात, दोन सुरांत. मुलाला ‘ये’ म्हणतात आणि तो कुठेही असला तरी येतो.

त्या नातलग बाई मागच्या दिवाळीत पुन्हा आल्या होत्या. ओसरीत बसल्या. आईंनी त्यांच्याकडे बघितलं, मांडीवर हात आपटला आणि चालीवर विचारलं, ‘च-हा?’

त्या बाई गडबडल्या. मग डोक्यावरचा पदर सारखा करत तशाच चालीवर म्हणाल्या, ‘हो-वो.’

मी आत चहा टाकायला गेले.